तीन अक्षरवाले आणि बाहेरचं

तुर्कस्तानात जुन्या वळणाची माणसं जिनचं नाव घेत नाहीत. 'उच हार्फलिलेर' म्हणतात, म्हणजे 'तीन अक्षरवाले'. तुर्की लिपीत जिन हा शब्द तीन अक्षरांत लिहितात, म्हणून हे टोपणनाव. नाव घेतलं की येतो, ही भीती त्यामागे आहे. आमच्या खान्देशातही घरातलं कुणी भलतंसलतं बरळू लागलं, की म्हातारी माणसं 'बाहेरचं आहे' एवढंच बोलायची. काय बाहेरचं, कुणाचं, कुठून आलं, हे कुणी विचारत नसे. दिवेलागणीनंतर सापाला साप न म्हणता 'लांबडं' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

हे साम्य लक्षात आलं आणि मी तुर्की भयपटांच्या नादी लागलो. मला तुर्की येत नाही. उपशीर्षकांच्या आधाराने एकेक चित्रपट दोनदा-तीनदा पाहिला. पण पाहता पाहता कानावर ओळखीचे शब्द पडू लागले. 'मुसाल्लात' म्हणजे उर्दूतला मुसल्लत, मानगुटीवर बसलेला. 'मुस्का' म्हणजे कागदावर लिहून गळ्यात बांधायचा ताईत, आणि त्याचं मूळ आपल्या नुस्ख्याच्याच अरबी शब्दात. झाडफूक करणारा 'होजा' तो फारसी ख्वाजा. धुळ्याच्या किंवा भुसावळच्या माणसाला या चित्रपटांत जेवढं परकं वाटायला हवं, तेवढं वाटत नाही.

या चित्रपटांबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारे बोललं जातं. तरुण मुलं 'किती फाटते' याचा हिशेब मांडतात आणि विवेकवादी मित्र 'अंधश्रद्धेचा प्रचार' म्हणून विषय संपवतात. मला दोन्ही पुरत नाही. झपाटलेल्या माणसाच्या तोंडून जेव्हा 'बाहेरचं' बोलू लागतं, तेव्हा ते बोट कुणाकडे दाखवतं? या एका प्रश्नावर हे चित्रपट तपासावेत असं मला वाटतं. तो प्रश्न मला का पडला, हे पुढे येईलच.

आधी थोडा इतिहास. ३० नोव्हेंबर १९२५ रोजी तुर्की प्रजासत्ताकाने ६७७ क्रमांकाचा कायदा केला. दर्वेशांचे मठ आणि पिरांच्या कबरी त्याने बंद केल्या. शेख, दर्वेश या पदव्या तर गेल्याच, शिवाय भविष्य सांगणं, जादूटोणा, फुंकर घालून रोग उतरवणं आणि मनोकामनेसाठी ताईत लिहून देणं हेही गुन्हे ठरले. म्हणजे आज तुर्की भयपटात जो होजा मध्यरात्री दार ठोठावून आत येतो, तो कायद्याच्या भाषेत गुन्हेगार आहे. ही गोष्ट डोक्यात ठेवली तर या चित्रपटांतला अर्धा चोरटेपणा कळतो. पडदे ओढलेले, शेजाऱ्यांना कळू द्यायचं नाही, आणि घरातल्या शिकलेल्या माणसाला लाज वाटतेय.

कायद्यानंतर कित्येक वर्षं तुर्की सिनेमाने या वाटेला जाणंच टाळलं. १९५३ मध्ये 'ड्राक्युला इस्तंबूलदा' निघाला. त्यात क्रूस चालणार नव्हता आणि कुराण आणायचं धाडस नव्हतं, म्हणून ड्राक्युला लसणावर भागवला. १९७४ मध्ये मेतिन एर्कसान यांनी 'शेयतान' काढला. एर्कसान काही ऐरागैरा दिग्दर्शक नव्हता. 'सुसुझ याझ' या त्याच्या चित्रपटाला १९६४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळालं होतं. 'शेयतान' मात्र आदल्याच वर्षीच्या 'एक्झॉर्सिस्ट'ची जवळजवळ दृश्यागणिक नक्कल आहे, संगीतासकट. पाद्र्याच्या जागी इमाम, पवित्र पाण्याच्या जागी झमझमचं पाणी, आणि क्रूसाच्या जागी सैतानाचं मुंडकं असलेली कागद कापायची सुरी. एवढी अदलाबदल केली की झालं, असं त्याला वाटलं. ते झालं नाही. 'एक्झॉर्सिस्ट' चर्चच्या अधिकारावर उभा आहे. बिशपच्या परवानगीशिवाय तिथे पान हलत नाही. इस्लाममध्ये असा पुरोहितवर्ग नाही आणि तुर्कस्तानात तर झाडफूक करणाऱ्याला अधिकारच नाही. ती पोकळी 'शेयतान'मध्ये उघडी पडते. त्यानंतर तीसएक वर्षं त्या वाटेने फारसं कुणी गेलं नाही.

खरा बदल २००० नंतर झाला. २००४ मध्ये 'ब्यूयू' (म्हणजे जादूटोणा) आला आणि २००६ मध्ये हसन काराजादा यांचा 'दाब्बे'. नाव कुराणातलं. सत्ताविसाव्या सुऱ्यात, कयामतीच्या आधी जमिनीतून एक प्राणी निघेल असं म्हटलं आहे, तो हा दाब्बे. पुढे त्यांनीच 'सेमूम' (२००८) काढला. जिनांना ज्या होरपळत्या आगीपासून घडवलं, तिचं हे नाव. आल्पेर मेस्तची यांनी २००७ मध्ये 'मुसाल्लात' आणि २०१४ पासून 'सिज्जीन'ची मालिका केली. सिज्जीन म्हणजे जिथे दुष्टांच्या कर्मांची नोंद ठेवली जाते ते. यांनी एर्कसानची चूक केली नाही. बाहेरून आणलेल्या गोष्टीला मुसलमानी कपडे न चढवता ते अनातोलियातल्या खेड्यातल्या म्हातारीच्या गोष्टीपर्यंत गेले. चित्रपट म्हणून त्यांचा दर्जा खालीवर आहे. काराजादांना तर आवाज वाढवला की भीती वाढते असं वाटतं. दीड तास किंचाळ्या ऐकून माझं डोकं दुखलं आहे. पण त्यांची जागा अस्सल आहे.

इथे एक फरक सांगायला हवा. आपलं भूत हे मेलेलं माणूस असतं. मुंजा, हडळ, जखीण, झोटिंग, कुणीही घ्या, त्यांचं काहीतरी राहून गेलेलं असतं. सोडमुंज न झालेला मुलगा, बाळंतपणात गेलेली बाई. म्हणून आपल्या भुताची थोडी दयाही येते. जिन हा मेलेला माणूस नव्हे. तो वेगळी निर्मिती आहे, माणसाच्या आधीची. त्याला घरदार आहे, धर्म आहे. बहात्तराव्या सुऱ्यात तर जिनांचा एक जथा कुराण ऐकून श्रद्धावान होतो. त्याचं आपल्याकडे काही राहून गेलेलं नाही. मग तो येतो का? तुर्की चित्रपटांचं नेहमीचं उत्तर आहे: कुणीतरी पाठवला म्हणून. भुताच्या गोष्टीत विचारायचं, 'तुला काय हवंय?' जिनच्या गोष्टीत विचारायचं, 'तुला कुणी पाठवलं?' दुसरा प्रश्न जास्त धोक्याचा आहे, कारण त्याचं उत्तर जिवंत माणसाच्या नावाने येतं.

अर्थात आपल्याकडे ही सरमिसळ केव्हाच झालेली आहे. खवीस हा शब्द अरबी 'खबीस'वरून आला. मूळ अर्थ ओंगळ, दुष्ट. मराठीत येता येता त्याचं मुसलमानाचं भूत झालं. जुन्या कोशांत आणि लोककथासंग्रहांत तोच अर्थ दिलेला सापडतो. सुधीर कक्कर यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात राजस्थानातल्या मेहंदीपूरच्या बालाजीचं वर्णन केलं आहे. तिथे आलेल्या बऱ्याच हिंदू रुग्णांच्या अंगातलं भूत मुसलमान निघे. जे आपल्याला आपलं म्हणवत नाही ते परक्याच्या नावावर टाकायचं, असा कक्करांचा अर्थ होता. शब्दकोशातला खवीस त्याच वाटेने आलेला दिसतो. बोट दाखवण्याची सवय भाषेतच मुरलेली आहे.

आता 'सिज्जीन'कडे येतो. ओझनूर नावाच्या तरुणीचं लहानपणापासून नात्यातल्याच कुद्रेतवर प्रेम आहे. कुद्रेतचं लग्न झालंय, बायको निसा घर सांभाळतेय. ओझनूर एका मांत्रिकाकडे जाते आणि निसावर करणी करवते. तिथून पुढे घरात जे सुरू होतं, ते मेस्तचींनी फार ताकदीने दाखवलं आहे. स्वयंपाकघर, दिवाणावरची विणलेली चादर, कोपऱ्यात पडून असलेली आजारी सासू. सगळी भीती या वस्तूंतून येते. किल्ले नाहीत, वटवाघळं नाहीत. पाहताना आपलंच माजघर आठवतं. आणि चित्रपट संपल्यावर माझ्या पोटात गोळा आला, तो भीतीचा नव्हता.

मी शाळेत असताना आमच्या गल्लीत एक नवी सून आली होती. लग्नाला वर्ष होत आलं आणि ती रात्री उठून बसायची, घोगऱ्या आवाजात बोलायची, सासऱ्यांना अरेतुरे करायची. घरच्यांनी भगताकडे नेलं. भगताने धुरी दिली, लिंबं कापली आणि विचारलं, 'कोनी धाडं?' तिने थोरल्या जावेचं नाव घेतलं. पुढे तिला दर्ग्यावर नेलं, जिल्ह्याच्या दवाखान्यातही नेलं. गोळ्या सुरू झाल्या, गुरुवारच्या वाऱ्याही सुरू राहिल्या, आणि वर्ष-दीड वर्षात ती बरी झाली. थोरली जाऊ मात्र त्या दिवसापासून घरात असून नसल्यासारखी झाली. तिच्या हातचा चहा कुणी पीत नसे. तान्ह्या मुलांच्या अंगावर तिची सावली पडू देत नसत. तिला कुणी मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही. हे सातपुड्याच्या पायथ्याला घडलं असतं तर कदाचित तेवढ्यावर भागलं नसतं. धुळे-नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात डाकीण ठरवलेल्या बायकांना मारहाण झाल्याच्या, गाव सोडावं लागल्याच्या आणि जीव गेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

'सिज्जीन'मध्ये ओझनूरने करणी खरंच केलेली असते. माझं भांडण इथे आहे. पडद्यावर करणारी सापडतेच आणि ती बहुतेक वेळा बाईच असते. बिनलग्नाची, मूल न झालेली, दुसऱ्याच्या संसाराकडे बघणारी. चित्रपट तिला एकटेपण देतो, तिच्या बाजूने दोन अश्रूही ढाळतो. पण संशय खरा ठरवतो. आमच्या गल्लीतल्या थोरल्या जावेला मूल नव्हतं. तिने काय केलं होतं, तर धाकटीच्या डोहाळजेवणाला ती हसली नव्हती.

भयपटात करणी खरी धरावीच लागते, नाहीतर भयपट कसला, असं कुणी म्हणेल. मान्य. मग आपल्या जवळचंच एक उदाहरण घेऊ. अरुणा राजे आणि विकास देसाई यांनी १९८० मध्ये 'गहराई' हा हिंदी चित्रपट केला. पटकथेत विजय तेंडुलकरांचा हात होता, बापाच्या भूमिकेत श्रीराम लागू, झपाटलेल्या मुलीच्या भूमिकेत पद्मिनी कोल्हापुरे. हाही 'एक्झॉर्सिस्ट'नंतरचाच चित्रपट. शहरात राहणारा बाप गावाकडची वडिलार्जित जमीन कारखान्याला विकतो आणि ती जमीन आईसारखी जपणारा राखणदार उन्मळून पडतो. त्यानंतर शाळकरी उमाच्या तोंडून दुसराच आवाज बोलू लागतो. तो आवाज बापाचं जुनं पाप सगळ्या घरासमोर उघडं करतो. इथेही झपाटणं खरं आहे. लिंबू, मंत्र, मांत्रिक सगळं आहे, आणि त्यात भामटा मांत्रिकही आहे. पण बोट वर जातं. ज्याच्याकडे जमीन आहे, पैसा आहे, घरातला शेवटचा शब्द आहे, त्याच्याकडे. तेंडुलकरांनी भुताला साक्षीदार केलं. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'तही (२०१७) उसाच्या फडातली ती घाबरवणारी मुलं शेवटी सांगतात ते गर्भात मारलेल्या मुलींबद्दलच. म्हणजे भयपटाच्या चौकटीत राहून हे जमतं.

काराजादांच्या 'दाब्बे: जिन चार्पमासी'मध्ये (२०१३) हे थोडं जमलं आहे. मेंदीच्या रात्री नवरी झपाटते, आणि एक मानसोपचारतज्ज्ञ बाई होजासोबत कॅमेरा घेऊन तिच्या खेड्यात जाते. शास्त्र खरं की होजा, ही पैज. पण उलगडा त्या मुलीत नसतो, आधीच्या पिढीने करून ठेवलेल्या कृत्यात असतो. या चित्रपटांचा आणखी एक गुण मला महत्त्वाचा वाटतो. यांत होजा पुष्कळदा हरतो. आपल्या '१९२०'मध्ये (२००८) पाद्री संपल्यावर नास्तिक नायक हनुमान चालिसा म्हणतो आणि भूत जातं. नारायण धारपांचा समर्थ आला की वाचक निर्धास्त होतो. तुर्की प्रेक्षकाला हे सुख सहसा मिळत नाही. शंभर वर्षांपूर्वी कायद्याने हद्दपार केलेला माणूस पडद्यावर परत आला, पण त्याची ताकद परत आली नाही. धर्माचा प्रचार म्हणून या चित्रपटांना झोडपणाऱ्यांनी हे बघावं. असा प्रचार कुठला धर्ममार्तंड पैसे देऊन करवेल?

आता जे पडद्यावर येत नाही, त्याबद्दल. बुलढाणा तालुक्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. जळगावकडचे लोक मलकापूरवरून राजूर घाट चढून जातात. होळीला मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, बाधा झालेल्याचे अंगावरचे कपडे तीत टाकतात. येणाऱ्यांत हिंदू-मुसलमान दोन्ही. सुरतकडे स्थायिक झालेले खान्देशी गुजरातमधल्या उनावाच्या मीरा दातारला जातात. अशा दर्ग्यांवर जे चालतं त्याला 'हाजरी' म्हणतात. शब्द कचेरीतला आहे. बाबांचा दरबार, पेशी, हुकूम, फैसला, सगळी भाषा कोर्टाची. आणि कोर्टासारख्याच तारखा पडतात. आई लेकीला घेऊन महिनोन्‌महिने तिथे राहते, दगडांची चूल मांडते, शेजारच्या पालातल्या बाईशी ओळख होते, तिच्याही लेकीचं तेच असतं. घरी जिला तोंड उघडायची मुभा नव्हती ती तिथे केस मोकळे सोडून ओरडते, आणि कुणी वळूनही बघत नाही. हा वेळ, ही सोबत एकाही चित्रपटात मी पाहिली नाही. त्यांना एका रात्रीत निकाल हवा असतो, कारण चित्रपट दोन तासांत संपवायचा असतो.

पण दर्ग्याचं हे वर्णन इथेच थांबवलं तर मी खोटं बोललो असं होईल. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानात पहाटे आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले. ते साखळ्यांनी बांधलेले होते, पळता आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधणं स्पष्टपणे निषिद्ध केलं. महाराष्ट्रात त्याआधीच, २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद वाचावी. भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोरीने-साखळीने बांधणं, काठी-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, केस उपटणं. एखाद्या भयपटाच्या चित्रीकरणाची यादी असावी तशी ती नोंद आहे. आणखी पुढे, अमुक माणूस करणी करतो असं ठसवून त्याचं जगणं मुश्कील करणं हाही गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

१९२५ चा तुर्की कायदा आणि २०१३ चा आपला कायदा शेजारी ठेवले की एक फरक दिसतो. तुर्की कायद्याने फुंकर घालणाराच बेकायदा केला. आपल्या कायद्याने फुंकर सोडून दिली. चाबूक, साखळी आणि बोट दाखवणं यांना धरलं. कबरीवर डोकं टेकायला, नवस करायला, गुरुवार करायला त्याची हरकत नाही. मला हा कायदा तुर्की कायद्यापेक्षा शहाणा वाटतो. गुजरातेत मीरा दातारला 'दवा आणि दुआ' नावाने जो उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला, त्यात मुजावरच रुग्णाला आवारातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. गोळी आणि गुरुवार एकत्र चालतात. आमच्या गल्लीतल्या सुनेच्या घरच्यांनी हे कुणी न सांगता केलं होतं. थोरल्या जावेसाठी काही करायचं असतं, हे मात्र त्यांना सुचलं नाही. तेव्हा ती कलमं नव्हती, आणि असती तरी सख्ख्या दिराविरुद्ध ती पोलिसात गेली असती असं मला वाटत नाही.

शेवटी 'मुसाल्लात'विषयी. या सगळ्या चित्रपटांत मला तो सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्याचं कारण भुताटकी नाही. सुआत लग्न करून बायकोला, नुरजानला, गावी ठेवून जर्मनीत मजुरीला जातो. तिथे तो हळूहळू खंगतो. चित्रपट आधी त्याची बाजू दाखवतो, मग मागे जाऊन तिची. नवरा तिकडे परदेशात असताना गावातल्या घरात तिच्याजवळ जो वावरतोय, त्याने नवऱ्याचंच रूप घेतलेलं आहे. या चित्रपटात करणी करणारी शेजारीण नाही. बोट दाखवायला कुणीच नाही. आहे तो नवरा-बायकोमधला हजारो किलोमीटरचा पल्ला आणि त्या पल्ल्यात शिरलेला तिसरा.

आमच्याकडे अर्ध्या घरांतला एकेक माणूस सुरतला आहे. उधना, लिंबायत या भागांत अहिराणी ऐकू येते ती त्यांचीच. ऊसतोडीला गेलेले वेगळे. सण झाला की रात्रीच्या गाडीने माणसं निघतात आणि मागे घरात नवी सून, सासू आणि एक बंद खोली राहते. 'मुसाल्लात' पाहताना मला अशीच एखादी सून डोळ्यांपुढे येते, दाराची कडी काढणारी आणि समोर नवरा दिसल्यावर क्षणभर थांबणारी. तिला आनंद व्हायला हवा. ती त्याच्या पायांकडे बघते. आमच्या आजीनेही ओळखण्याची हीच खूण सांगितली होती.